एफ-वन दाबायला कोण जाणार?

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तीन ओळी. सीमॉस बॅटरी संपली आहे. तारीख आणि वेळ लावून घ्या. पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. ही बॅटरी म्हणजे मशीनचं घड्याळ जपणारा छोटा सेल. पडदा म्हणायचं ते सवयीने, कारण अंधेरी एमआयडीसीतल्या लहान ऑफिसांच्या सर्व्हर रूममध्ये बऱ्याच मशीनना मॉनिटर जोडलेलाच नसतो. सर्व्हर त्या ओळी व्हिडिओ पोर्टवर मांडून ठेवतो आणि कीबोर्डवर कोणाचं तरी बोट पडण्याची वाट बघतो. रात्रभर बघेल. शनिवारची रात्र असेल तर सोमवार उजाडेपर्यंत बघेल.

डोंबिवलीत घरी बसलेल्या इंजिनिअरला मात्र एवढंच कळतं की पिंग जात नाही, म्हणजे मशीन नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला ओ देत नाही. डिस्क गेली, पॉवर सप्लाय जळला, सफाई करताना कोणाच्या पायात केबल अडकली, की मशीन ठणठणीत उभं राहून एका कळीसाठी अडून बसलंय? बाहेरून चारही सारखंच दिसतं. एसएसएच आणि रिमोट डेस्कटॉप ही दोन्ही दुरून मशीन चालवायची, पण ऑपरेटिंग सिस्टिम उठल्यानंतरची साधनं. ती उठलीच नसेल तर दोन्ही कुचकामी. मग पहाटेची लोकल पकडायची, घाटकोपरला उतरून मेट्रो धरायची, पोहोचायचं, कीबोर्ड शोधायचा आणि एफ-वन दाबायचं. काम एका सेकंदाचं, येणं-जाणं तीन-चार तासांचं.

नाहीतर वॉचमनला फोन. हा संवाद मुंबईतल्या कुठल्याही आयटीवाल्याला पाठ असतो.

"काका, डावीकडून तिसरं मशीन बघा. हिरवा दिवा लागलाय का?"

"इथे सगळेच हिरवे आहेत साहेब."

"बरं, त्याच्यावर काही लिहिलंय का?"

"स्टिकर आहे. पण अक्षरं उडालीत."

या फोनला पर्याय म्हणजे केव्हीएम. कीबोर्ड, व्हिडिओ, माउस या तिघांची आद्याक्षरं. मूळ कल्पना साधी: रॅकमध्ये आठ किंवा सोळा सर्व्हर, पण कीबोर्ड-मॉनिटर एकच, मधल्या डब्यावरचं बटण दाबलं किंवा स्क्रोल लॉक दोनदा दाबून आकडा टाकला की त्या क्रमांकाचं मशीन समोर. त्या डब्याला नेटवर्कची जोड मिळाली आणि तोच पडदा ब्राउझरमध्ये दिसू लागला. डबा सर्व्हरच्या व्हिडिओ पोर्टमधून चित्र उचलतो, कॉम्प्रेस करून पाठवतो. इकडे दाबलेली कळ तिकडे यूएसबी कीबोर्डची कळ म्हणून पोहोचते. सर्व्हरमध्ये काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. त्याच्या लेखी समोर कोणीतरी बसलेलं आहे. म्हणूनच बायोस (मशीन उठतानाची मूळ सेटिंग), ग्रब (लिनक्स सुरू करणारा मेनू), डिस्क एन्क्रिप्शनचा पासवर्ड, कर्नल पॅनिकचा, म्हणजे लिनक्स कोसळतानाचा, शेवटचा मजकूर, जे जे समोर बसलेल्या माणसाला दिसलं असतं ते सगळं दिसतं.

नावाजलेल्या कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये ही सोय बोर्डवरच असते. बीएमसी नावाचा स्वतंत्र छोटा संगणक, डेलकडे आयड्रॅक, एचपी एंटरप्रायझकडे आयएलओ. मशीन बंद असलं तरी तो जागा असतो. पण लहान ऑफिसांचा संसार अजून असेंबल केलेल्या टॉवरवर चालतो: एकावर टॅली, एकावर फाइल सर्व्हर, एकावर सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, आणि एक असं जुनं मशीन ज्याला लायसन्सचा डोंगल लागलाय म्हणून हात लावायची कोणाची हिंमत नाही. यांतल्या कशालाही बीएमसी नाही. बाहेरचा केव्हीएम लागतो तो यांच्यासाठी.

बाजारात दोन वाटा आहेत. पहिली, रॅकमध्ये बसणारा आठ किंवा सोळा पोर्टांचा आयपी केव्हीएम. प्रत्येक सर्व्हरच्या मागे व्हीजीए आणि यूएसबीचं छोटं मॉड्यूल लावायचं आणि तिथून साधी कॅट-फाइव्ह केबल डब्यापर्यंत आणायची. टोकाला नेटवर्कचाच आरजे-४५ कनेक्टर असतो आणि तिथेच घोटाळा होतो. त्या केबलमधून इथरनेट वाहत नाही, त्या कंपनीचा स्वतःचा सिग्नल वाहतो. कोणीतरी नीटनेटकेपणाच्या उत्साहात ती नेटवर्क स्विचमध्ये खोचतो आणि तासभर "लिंक का येत नाही" म्हणून डोकं खाजवतो. या केबलसाठी एक वेगळा रंग ठरवून टाका, केशरी म्हणा, आणि तो रंग दुसऱ्या कशालाही वापरू नका. अजून एक गंमत: महागडी कॅट-सिक्स घेतली म्हणजे चित्र सुधारेल असं नाही. केबलमधल्या जोड्यांना पीळ कमी-जास्त असतो, त्यामुळे आतल्या तारांची लांबी थोडी वेगळी पडते. व्हीजीएचे लाल, हिरवा, निळा हे रंग वेगवेगळ्या जोड्यांतून येतात. लांब अंतरावर ते मागेपुढे पोहोचतात आणि अक्षरांना रंगीत सावली पडते. कॅट-सिक्समध्ये हा पीळ-फरक बऱ्याचदा जास्त असतो. दहा मीटरवर जाणवत नाही, चाळीसवर डोळे दुखतात.

दुसरी वाट पायकेव्हीएमची, म्हणजे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर स्वतः जुळवायच्या केव्हीएमची. लॅमिंग्टन रोडवर एक फेरी मारली की सामान जमतं: रास्पबेरी पाय ४, एचडीएमआय पकडणारा बोर्ड, एसडी कार्ड, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला अडॅप्टर. एसडी कार्डावर पैसे वाचवू नयेत. नकली कार्ड दुकानात चालतं आणि तिसऱ्या महिन्यात दगा देतं. चित्र पकडायला दोन प्रकार मिळतात. यूएसबीचा स्वस्त डोंगल चालतो, पण चित्र जाणवण्याइतकं मागे राहतं. तोशिबाच्या टीसी३५८७४३ चिपचा, रिबन केबलने पायच्या कॅमेरा पोर्टला लागणारा बोर्ड अधिक चपळ. मात्र त्याची झेप १९२० बाय १०८० ला सेकंदाला ५० फ्रेमपर्यंतच. सर्व्हरने ६० चा हट्ट धरला तर पडदा काळा. कन्सोलवर अक्षरंच वाचायची असतात, १२८० बाय ७२० भरपूर झालं.

पाय ४ वर एक सापळा आहे. कीबोर्ड असल्याचं सोंग वठवू शकणारं पोर्ट एकच, आणि ते म्हणजे वीज घ्यायचं यूएसबी-सी. म्हणजे एकाच भोकातून वीजही यायची आणि सर्व्हरकडे डेटाही जायचा. त्यासाठी दोन्ही वेगळे करणारा स्प्लिटर लागतो, आणि सर्व्हरकडे जाणाऱ्या फाट्यात ५ व्होल्टची तार तुटलेली हवी. नाहीतर अडॅप्टरची वीज सर्व्हरमध्ये शिरते किंवा सर्व्हरची पायमध्ये. बंद केलेल्या मशीनच्या यूएसबी पोर्टवरही स्टँडबायची वीज असते हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मग अडॅप्टर काढला तरी पाय अर्धवट जिवंत राहतो आणि नीट रिबूट होत नाही.

चार मशीन सांभाळायची असतील तर पायच्या पुढे चार पोर्टांचा एचडीएमआय केव्हीएम स्विच लावतात. स्विच असा घ्यावा ज्याला सिरियल केबलने किंवा लॅनवरून हुकूम देता येतो. नुसतं बटण असलेला घेतला तर ते दाबायला पुन्हा वॉचमनकाकाच.

स्विच आला की ईडीआयडीचं दुखणं येतं. ईडीआयडी म्हणजे मॉनिटरचं ओळखपत्र, मूळ भाग १२८ बाइटचा: मी अमुक कंपनीचा, मला अमुक रेझोल्यूशन चालतं. सर्व्हर सुरू होताना व्हिडिओ पोर्टवर हे ओळखपत्र मागतो. स्विचवर त्या क्षणी दुसरं मशीन निवडलेलं असेल तर स्वस्त स्विच पहिल्याला उत्तरच देत नाही. सर्व्हर समजतो, मॉनिटर नाही, आणि चित्र पाठवणं थांबवतो. वीज जाऊन परत आली की चारही मशीन एकदम उठतात, निवडलेलं मात्र एकच असतं. तेवढं एक दिसतं, बाकी तीन काळी. मशीन मेलेली नसतात, नेटवर्कवर छान चालू असतात. पण कधीतरी कन्सोल लागतो तेव्हा पडदा रिकामा. उपाय दोन. प्रत्येक पोर्टवर कायम ओळखपत्र धरून ठेवणारा स्विच घ्यायचा, किंवा सर्व्हर आणि स्विच यांच्या मधे ईडीआयडी इम्युलेटरची बोटभर डबी खोचायची. आणि जमल्यास हे सगळं प्रत्यक्ष तपासायचं: स्विच पोर्ट एकवर ठेवून चारही मशीनची वीज एकदम काढायची, परत द्यायची, आणि मग चौथा पोर्ट उघडून बघायचा. एकेक मशीन सावकाश रिबूट करून घेतलेली चाचणी काही कामाची नाही.

एचडीएमआयला व्हीजीएसारखे स्क्रू नसतात. एसीच्या कंपनाने, कोणी मागून हात घातल्याने प्लग अर्धा मिलिमीटर सरकतो आणि चित्र जातं. समुद्रावरच्या हवेत धातूची टोकं काळवंडतात ते वेगळंच. प्रत्येक प्लगला केबल टाय, आणि पावसाळ्याआधी एकदा सगळे काढून पुन्हा घट्ट बसवणं, एवढं केलं तरी पुरे.

आता ब्राउझर. जुन्या डब्यांचं पान उघडलं की जावा मागतात. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये तसले प्लगइन बंद केले, जावा वेब स्टार्ट २०१८ च्या जावा ११ मधून गेलं, आणि २०२० पासून ब्राउझरांनी टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या जुन्या आवृत्त्याही नाकारल्या. म्हणून अनेकांच्या लॅपटॉपवर एक म्हातारं व्हर्च्युअल मशीन जपलेलं असतं, जुना ब्राउझर आणि जुना जावा पोटात घेऊन. नव्या डब्यांचं पान थेट एचटीएमएल-५ वर चालतं. असं नवं पान मिळत असेल तर बाकीच्या दहा सोयी सोडून द्याव्यात.

पान उघडलं, पोर्ट निवडला, पडदा काळा. पहिली कळ कोणती? शिफ्ट. एंटर नव्हे, स्पेस नव्हे. लिनक्सचा कन्सोल बराच वेळ वापरला नाही तर काही मशीनवर काळा होतो, आणि मागे कदाचित "हो की नाही" असा प्रश्न अर्धवट थांबलेला असतो. एंटर दाबलं म्हणजे न वाचता उत्तर दिलं. शिफ्टने पडदा जागा होतो आणि बाकी काही बिघडत नाही.

त्याहून घातक कळ कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. लॅपटॉपवर दाबली तर ती लॅपटॉपच गिळतो, म्हणून पानावर तिच्यासाठी वेगळं बटण असतं. विंडोज सर्व्हरवर लॉगिन करायला ते दाबावंच लागतं, त्यामुळे हाताला सवय होते. पण पोर्ट तीनवर विंडोज आणि चारवर लिनक्स असेल, आणि पडदा काळा असताना तीन समजून चारवर ते बटण दाबलं, तर लिनक्स कन्सोल काही न विचारता थेट रिबूटला लागतो. पगाराच्या दिवशी दुपारी हे घडलं की मग मीटिंगा होतात. लिनक्सवर सिस्टिमडी या सुरू-बंद सांभाळणाऱ्या व्यवस्थेचं सीटीआरएल-ऑल्ट-डेल टार्गेट मास्क, म्हणजे निकामी, करून ठेवणं हा एका ओळीचा बंदोबस्त आहे, आणि तो केव्हीएम लावायच्या दिवशीच करावा. लॉगिनच्या वर होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव, दिसतं ते मोठ्याने वाचायची सवय दुसरी.

ब्राउझर स्वतःही काही कळा पळवतो. टर्मिनलमध्ये मागचा शब्द खोडायला कंट्रोल-डब्ल्यू दाबायची सवय असलेल्याने इथे ती दाबली की टॅबच बंद. क्रोममध्ये फुल स्क्रीन करून कीबोर्ड पकडून ठेवायची सोय असते, ती सुरू करून मगच बसावं. कीबोर्डचा लेआउट हा आणखी एक छळ: आपल्याकडे सगळीकडे अमेरिकन, पण इन्स्टॉल करताना कोणी ब्रिटिश निवडलेला असला तर पासवर्डमधल्या ॲटच्या जागी दुहेरी अवतरण पडतं. पासवर्ड बरोबर असून लॉगिन होत नाही. युजरनेमच्या जागी नुसती चिन्हं टाइप करून बघावीत. पासवर्ड नव्हे, फक्त चिन्हं. आणि कळ अडकणं: दाबल्याचा निरोप पोहोचतो, सोडल्याचा निरोप नेटवर्कमध्ये रेंगाळतो. लिनक्स साधारण पाव सेकंदानंतर कळ दाबून धरली असं समजून अक्षर पुन्हा पुन्हा टाकू लागतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून काम करताना काही खोडण्याचा हुकूम असेल तर एंटरआधी ओळ पूर्ण वाचावी.

बायोसमध्ये शिरण्याची खिडकी दोन-तीन सेकंदांची असते. सुरू होताना रेझोल्यूशन बदलतं आणि बदललेलं चित्र पकडायला डब्याला तेवढाच वेळ लागतो. लोगो दिसेपर्यंत थांबलात तर खिडकी मिटलेली असते. म्हणून रीसेट केल्याक्षणी, काहीही दिसत नसताना, सेकंदाला एकदा एफ-टू किंवा डिलीट टिचकवत राहायचं. आंधळी कोशिंबीर आहे, पण चालते. लिनक्स जिवंत असेल तर सिस्टिमसीटीएल या कमांडच्या रिबूटला फर्मवेअर-सेटअपचा पर्याय जोडला की मशीन आपणहून सेटअपमध्ये उघडतं.

नव्याने इन्स्टॉल करायला लॅपटॉपवरची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलरच्या डिस्कची फाइल, तिकडे सीडी म्हणून जोडता येते. जोडता येते म्हणून जोडू नये. ४ जीबीची फाइल २० एमबीपीएसच्या अपलोडवरून सगळं सुरळीत चाललं तरी जवळपास अर्धा तास घेते, आणि मधे लाइन हलली तर इन्स्टॉलर अर्ध्यात मरतो. आयएसओ आधीच डब्याच्या कार्डावर ठेवावी. पायकेव्हीएमचं कार्ड एरवी फक्त वाचण्यापुरतं उघडं असतं. फाइल चढवणं ब्राउझरमधूनच होतं, पण सेटिंग बदलायचं तर आधी आरडब्ल्यू (लिहायला उघडं), काम झालं की आठवणीने आरओ (पुन्हा फक्त वाचण्यापुरतं). वीज अचानक गेली तरी कार्ड खराब होऊ नये म्हणून ही शिस्त आहे.

सुरक्षेचं एका वाक्यात: हे पान ज्याच्या हाती, तो तुमच्या सर्व्हर रूममध्ये एकटा उभा आहे. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून हे पान इंटरनेटवर उघडं ठेवणाऱ्यांची कीव येते. पायकेव्हीएमच्या पानाचं मूळ युजरनेम-पासवर्ड ॲडमिन-ॲडमिन, आणि आत लिनक्सच्या सर्वाधिकारी खात्याचं रूट-रूट. दोन्ही बदलावे लागतात; लोक एकच बदलतात. बीएमसीची गोष्ट तर आणखी वाईट. बीएमसीशी बोलायच्या आयपीएमआय या पद्धतीच्या २.० च्या आराखड्यातच अशी खोट आहे की युजरनेम बरोबर असलं की लॉगिन पूर्ण होण्याआधीच बीएमसी पासवर्डचा हॅश, म्हणजे त्याचा सांकेतिक ठसा, समोरच्याला देऊन टाकतो. तो घरी नेऊन सावकाश फोडता येतो. ही खोट फर्मवेअरच्या अपडेटने जात नाही. म्हणून आयपीएमआयचं यूडीपी ६२३ पोर्ट बाहेरून बंद, आणि हे सगळं वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात. काही बोर्डांवर बीएमसीच्या स्वतंत्र पोर्टला केबल लावली नाही तर तो गुपचूप मुख्य लॅन पोर्टवर जाऊन बसतो, तेही एकदा तपासून घ्यावं.

आत जायला व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा बंदिस्त रस्ता. इथे कपाटाची किल्ली कपाटातच ठेवण्याची चूक हमखास होते: व्हीपीएन सर्व्हर हे त्याच सर्व्हरवरचं एक व्हर्च्युअल मशीन असतं जे सांभाळायला केव्हीएम आणलाय. तो पडला की व्हीपीएन पडला, केव्हीएम ठणठणीत आणि त्याच्यापर्यंत जायला रस्ता नाही. वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर राउटरवर किंवा त्या पायवरच ठेवावं. दुसरी वाट म्हणून ४जी राउटर लावला तर त्याला सहसा स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळत नाही, बाहेरून आत हाक मारता येत नाही. म्हणून आतूनच बाहेर जोडणी करायची आणि दर २५ सेकंदांनी कीपअलाइव्हचा छोटा निरोप पाठवून ती उघडी धरायची. डब्याला वीज पीओई स्विचवरून, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच, दिली तर डबा हँग झाल्यावर त्या पोर्टची वीज बंद-चालू करून त्यालाही उठवता येतं. त्या स्विचला मात्र सर्व्हरच्या यूपीएसपेक्षा वेगळा यूपीएस हवा.

एवढी जय्यत तयारी कशासाठी, असं मुंबईत वाटणं साहजिक आहे. इथली वीज सहसा जातच नाही. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा माणसं जिथे होती तिथेच अडकली, आणि १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगरातली वीजच गेली. तेव्हा लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी चालत होत्या. ऑफिसं अर्धी रिकामी, माणसं घरून कामाला लागलेली.

आणि न जाणारी वीजच त्या तीन ओळींच्या मुळाशी आहे. सीआर-२०३२ हा ३ व्होल्टचा सेल बायोसचं घड्याळ आणि जुन्या बोर्डांवर सेटिंगही जपतो, पण फक्त मशीनची वीज तुटलेली असताना. वीज आहे तोवर घड्याळ स्टँडबायवर चालतं. सेल चौथ्या-पाचव्या वर्षी कधीतरी मरतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. मग एके दिवशी यूपीएस संपतो आणि मशीन स्मृती गेल्यासारखं उठतं. वीज परतल्यावर आपोआप सुरू व्हायचं, हे सांगणारं सेटिंगही त्याच स्मृतीत असलं तर मशीन उठतच नाही; मग पायपासून मशीनच्या पॉवर बटणाच्या तारांना आधीच जोडून ठेवलेला फाटा कामी येतो. एक हलका दाब चालू करायला, चार-पाच सेकंदांचा दाब जबरदस्तीने बंद करायला.

तर पिंग जात नाही, व्हीपीएन लागलंय, पोर्ट चार उघडलाय, शिफ्ट दाबलंय आणि त्या तीन ओळी समोर आहेत. घाईघाईने एफ-वन दाबू नये. एफ-टूने आत जावं. घड्याळ वर्षानुवर्षं मागे गेलेलं असतं. तसंच सोडलं तर प्रत्येक सर्टिफिकेट "अजून लागू नाही" म्हणून नाकारलं जातं, आणि डोमेनमधलं लॉगिन पाच मिनिटांच्या फरकालाही अडतं. वेळ भरताना मशीन कोणतं ते आठवावं: विंडोज असेल तर भारतीय वेळ, लिनक्स असेल तर बहुधा साडेपाच तास मागची. मग डिस्क कंट्रोलर. रेडवर (अनेक डिस्क एकत्र चालवायच्या पद्धतीवर) लावलेला असून मूळ सेटिंगने एएचसीआयवर (साध्या पद्धतीवर) गेला असेल तर विंडोज निळा पडदा दाखवेल आणि सगळ्यांना वाटेल डिस्क गेली. मग बूटचा क्रम, वीज आल्यावर चालू राहण्याचं सेटिंग. एफ-टेन, सेव्ह. लॉगिनची ओळ येईपर्यंत टॅब बंद करायचा नाही.

आत जाऊन सर्व्हिस चालू आहेत ना ते बघितलं की कन्सोलवरून लॉगआउट, मग केव्हीएमच्या पानावरून लॉगआउट. नुसता टॅब मिटला तर रूटचं कन्सोल उघडंच राहतं, आणि पुढे पोर्ट चार निवडणारा थेट रूट म्हणून आत असतो.

आणि पुढच्या फेरीची चिठ्ठी: सीआर-२०३२ दोन नग, छोटा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, केबल टाय, पोर्ट चारचं नवं लेबल. सेल बदलायला डोंबिवलीहून जावंच लागतं. पण ते काम आता दिवसाउजेडी, चहाच्या आधी होतं.